गावातली निरोगी पोटं नेलीत, आजारी पोटांचं काय?

प्रति,
आमच्या भागातल्या गावांतून विष्ठेचे नमुने नेणारे संशोधक
आणि जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा

विषय : आतड्याच्या दाहाचे ग्रामीण रुग्ण अभ्यासातून वगळण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीला तुमचं पत्र आलं. आतड्यातल्या जिवाणूंच्या अभ्यासासाठी विष्ठेचे नमुने गोळा करण्याचं काम पूर्ण झालं, गावकऱ्यांनी सहकार्य केल्याबद्दल आभार, असं त्यात होतं. ते वाचून बरं वाटलं. पण खालच्या परिच्छेदात लिहिलं होतं की रुग्णांचा गट आता शहरातल्या दवाखान्यांतून घेतला जाईल, कारण ग्रामीण भागात अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारांचे रुग्ण पुरेशा संख्येनं मिळत नाहीत. सरपंचांनी ते पत्र माझ्याकडे आणून दिलं. मी गावात औषधाचं दुकान चालवतो आणि नमुने द्यायला लोकांना मीच समजावलं होतं. त्याहून मोठं कारण असं की माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. तो याच गावात राहतो. तुमची गाडी ज्या समाजमंदिरासमोर उभी होती तिथून त्याचं घर दिसतं.

हे पत्र तुम्हाला लिहितोय, पण बंद पाकिटात पाठवत नाही. तुमच्यासारखी पथकं यवतमाळ जिल्ह्यात आणखी येतील, आणि ती ज्या गावांत जातील तिथल्या लोकांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

विष्ठेचा नमुना द्यायचा म्हटल्यावर गावात थोडं हसणं झालं, काहींनी नाकं मुरडली. तरी लोक आले. पहाटेच म्हाताऱ्या बाया पदराआड डबी धरून आल्या. पांढरी डबी, निळं झाकण, झाकणाला आतून जोडलेला चमचा, वर कोड नंबरची चिठ्ठी आणि त्यावर छापलेलं ‘ग्रामीण, निरोगी’. बर्फाच्या पेटीत डब्या रचताना तुमची मुलं फार जपून हात लावत होती, तेही मी पाहिलं. माझा भाऊ रांगेत होता. फॉर्म भरणाऱ्या मुलीनं त्याला विचारलं, गेल्या सहा महिन्यांत शौचातून रक्त पडलं का? तो हो म्हणाला. तिनं फॉर्मवर आडवी रेघ मारली, ‘दादा, तुमचा नमुना चालणार नाही’ असं नीट सांगितलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. तिचा काहीच दोष नाही. निरोगी गटात आजारी माणूस घेत नाहीत, हे मलाही कळतं. माझी तक्रार पुढची आहे. रेघ मारल्यावर त्याचं नाव दुसऱ्या कुठल्याही कागदावर लिहिलं गेलं नाही. त्या दिवशी रेघ मारलेला तो एकटाच नव्हता. आणि आता तुम्ही म्हणता, गावात रुग्ण मिळत नाहीत.

ग्रामसभेत तुम्ही जे समजावलं ते लोकांना पटलं होतं. मी ते माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना पुढचं समजेल. माणसाच्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात. शरीराच्या स्वतःच्या पेशीही जवळपास तेवढ्याच. ज्वारीच्या भाकरीतला, तुरीच्या डाळीतला, अंबाडीच्या भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही त्यावर हे जिवाणू जगतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न तेच. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये या अस्तराला दाह होऊन व्रण पडतात, आव-रक्त पडतं. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही, बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, भिंतीच्या आरपार दाह होतो. दोन्हींत शरीराची रोगप्रतिकारशक्ती आतड्यातच पेटून उठलेली असते आणि शांत होत नाही.

या रुग्णांच्या आतड्यात जिवाणूंच्या जाती कमी आढळतात, ब्युटिरेट बनवणारे घटतात आणि ई. कोलायच्या कुळातले वाढतात, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. २००८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी क्रोन्ससाठी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण तपासले. ज्यांच्यात फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा जिवाणू कमी होता, त्यांचा आजार पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त निघाली. पण जिवाणू घटले म्हणून आजार झाला, की आजारानं आतडं बिघडवलं म्हणून जिवाणू घटले? पडीक वावरात गाजरगवत माजलेलं दिसतं तेव्हा गवतामुळं वावर पडीक पडलं की पडीक होतं म्हणून गवत आलं, हे एकदा धुऱ्यावर उभं राहून सांगता येत नाही. वावर वर्षभर पाहावं लागतं. अमेरिकेत तसंच केलं गेलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजारी आणि निरोगी मिळून १३२ माणसांची वर्षभर वारंवार तपासणी झाली. निरोगी माणसाच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती बरीचशी स्थिर राहते. आजारी माणसाची मात्र थोड्याच काळात इतकी पालटू शकते की दोन वेगळ्या माणसांत असावा तेवढा फरक एकाच माणसात दिसतो. उंदरांवरचे प्रयोगही आहेत. दाहाची प्रवृत्ती असलेले काही उंदीर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले तर त्यांना कोलायटिस होत नाही. जनुकांचाही वाटा आहे. २००१ साली क्रोन्सशी संबंधित नॉड-२ हे जनुक सापडलं आणि आज अशा दोनशेहून अधिक जागा माहीत आहेत. पण युरोपात महत्त्वाचे ठरलेले नॉड-२ मधले बदल भारतीय रुग्णांत क्वचितच आढळतात. तिकडचं उत्तर उचलून इकडे लावता येत नाही ते यामुळंच. इथले रुग्ण इथंच पाहावे लागतात.

आता तुमचा निर्णय यासमोर ठेवून पाहा. निरोगी माणसं यवतमाळच्या खेड्यांतली, आजारी माणसं शहरातली. खेड्यातला माणूस भाकरी-वरण खातो, ढोरावासरांत राहतो, हातपंपाचं पाणी पितो, मातीत काम करतो. शहरातल्याचं खाणं, पाणी, औषधं, राहणं सगळंच वेगळं. दोघंही ठणठणीत असले तरी त्यांच्या आतड्यांत फरक असतोच. २०१० साली आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या खेड्यातली मुलं आणि इटलीतल्या फ्लॉरेन्सची मुलं यांची तुलना झाली. खेड्यातल्या, चोथा भरपूर खाणाऱ्या मुलांत प्रिव्होटेला जातीचे जिवाणू फार होते आणि इटलीच्या मुलांची ठेवण अगदी निराळी होती. दोन्हीकडची मुलं निरोगीच. मग उद्या तुमच्या दोन गटांत जो फरक सापडेल तो कोलायटिसचा, की भाकरी आणि पावाचा? तो आजाराचा आहे असं तुम्ही लिहिलंत तर ते चुकीचं ठरण्याची दाट शक्यता आहे. आजारी माणूसही त्याच गावचा, तेच खाणारा असेल तरच तुलनेला अर्थ आहे. एकाच घरातला आजारी आणि निरोगी भाऊ मिळाला तर त्याहून उत्तम. असे दोन भाऊ तुमच्या रांगेत एकामागे एक उभे होते. तुम्ही माझा नमुना घेतला आणि त्याचा नाकारला.

गावात हा आजार नसतो, हे गृहीतकच मला मान्य नाही. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरोलॉजीच्या डॉक्टरांनी पोटाच्या तक्रारी असलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, करून २०२३ साली निष्कर्ष छापले. तक्रारी घेऊन आलेल्या शहरी आणि ग्रामीण लोकांत आतड्याच्या दाहाच्या आजाराचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, दोन्हीकडे सुमारे ५ टक्के. पैनगंगा ओलांडली की तेलंगण सुरू होतं. नदीच्या त्या तीरावर खेड्यांत असलेला आजार या तीरावर नसेल, असं का मानायचं? तिथं दुर्बीण लोकांपर्यंत नेली म्हणून रुग्ण दिसले. इथं कोणी नेली नाही, म्हणून दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. माझ्या भावाच्या फाइलवर आमच्या नागपूरच्या आतेबहिणीचा पत्ता आहे. तपासणीसाठी तिच्याकडे राहावं लागलं, तेव्हा खिडकीवर तोच सांगितला, आणि तोच कायम झाला. असे कितीतरी जण असतील. आमच्या तालुक्यातला माणूस शहरातल्या रजिस्टरमध्ये शहराचा म्हणून मोजला जातो आणि गावाच्या खात्यात शून्य राहतं. शहरातल्या दवाखान्यातून ‘शहरी रुग्ण’ गोळा करताना तुम्ही त्यांना विचाराल का, की बाबा, तू मूळचा कुठला, लहानपणी काय खाल्लंस, वर्षातले किती महिने गावी असतोस?

भावाचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. तो कास्तकार आहे, पऱ्हाटी आणि तूर घेतो. रक्त पडायला लागलं तेव्हा घरात सगळे म्हणाले, गरमी झाली, मिरची कमी कर. मग मूळव्याध ठरली. बाजाराच्या दिवशी मूळव्याध-भगंदरची पाटी लावून बसणाऱ्या एकानं त्याला इंजेक्शनं टोचली. त्या वेळी मी शिकायला बाहेर होतो. नंतर एका खाजगी दवाखान्यात आवेची औषधं पुन्हा पुन्हा दिली गेली. दोन वर्षांहून जास्त काळ असाच गेला. वजन उतरलं, चेहरा पांढराफटक पडला आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तो वावरात चक्कर येऊन पडला. रक्त चढवावं लागलं. त्यानंतर नागपूरला दुर्बिणीतून तपासणी झाली आणि पहिल्यांदा आजाराचं खरं नाव कळलं. आता गोळ्यांवर तो बराच बरा आहे. पण आजार उलटला की दिवसातून दहा-बारा वेळा पळावं लागतं. वावर घरापासून लांब, आडोसा नाही. पेरणीच्या, वेचणीच्या दिवसांत तो सकाळपासून काही खात नाही, म्हणजे जावं लागणार नाही. भर कामाच्या दिवसांत उपाशी राहणाऱ्या माणसाचं शरीर किती टिकेल?

दुकानात बसलं की हा आजार कसा लपून राहतो ते दिसतं. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभं राहायचं, मग काउंटरवर वाकून हळू आवाजात सांगायचं, ‘भाऊ, मूळव्याधीची गोळी दे. रगत पडते. कोनाले सांगू नको.’ मी विचारतो, दुखतं का, आव पडते का, रात्री उठा लागते का? ‘हो ना, दोन-तीन खेपा उठा लागते.’ रक्त आणि आवेसोबत रात्री झोपेतून उठून पळावं लागत असेल, तर ते मूळव्याधीवर ढकलून चालत नाही, आतडं तपासायलाच हवं. मी चिठ्ठी लिहून तालुक्याला पाठवतो. तिथं कोलोनोस्कोपी होत नाही, जिल्ह्याला जा म्हणतात, जिल्ह्याहून नागपूरला. पोट साफ करणारं औषध पिऊन, रिकाम्या पोटी, एसटीत चार-पाच तास बसून कोण जाईल? बाया तर जातच नाहीत. लग्नाच्या मुलींचं दुखणं आया घराच्या भिंतीबाहेर येऊ देत नाहीत. गावात रुग्ण मिळत नाहीत याचा अर्थ मी असा लावतो की त्यांना सापडण्याची सोयच कोणी केलेली नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडतो. पहिल्या दोन तक्रारी संशोधकांसाठी आहेत.

पहिली, रुग्णांची निवड. त्याबद्दल वर सविस्तर लिहिलंच आहे. त्यात एवढीच भर घालतो की जगभर अभ्यासलेल्या, माणसाच्या शरीरातल्या जिवाणूंच्या नमुन्यांपैकी, ज्यांचं ठिकाण माहीत आहे अशांचे ७१ टक्क्यांहून अधिक नमुने युरोप, अमेरिका आणि कॅनडातले आहेत, हे २०२२ साली मोजून दाखवलं गेलं. भारतातल्या खेड्याला त्या नकाशावर जागा मिळावी म्हणून तुम्ही आलात, हे मोठं काम आहे आणि त्याचा मला आदर आहे. पण त्या नकाशावर आमचं खेडं कायम ‘निरोगी’ म्हणूनच उमटणार असेल तर आमच्या आजारी माणसांचं त्यातून नुकसानच होईल. उद्या एखादा अधिकारी तोच नकाशा दाखवून म्हणेल, या भागात गरजच नाही.

दुसरी, निकाल. संमतिपत्रावर लिहिलं होतं की अभ्यासातून काय कळलं ते गावाला कळवलं जाईल. ज्या म्हाताऱ्या पदराआड डबी घेऊन आल्या त्या आजही दुकानात विचारतात, ‘भाऊ, त्या डबीचं काय झालं?’ माझ्याकडे उत्तर नाही. कोणाच्या नमुन्यात जंत निघाले, रक्ताचा अंश निघाला, तर ते त्या माणसाला सांगणार होतात की नाही? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत असतील. संशोधनाचा लाभ त्यात भाग घेणाऱ्या समाजापर्यंत पोचावा, हे त्यांत आहेच.

लाभाचा विषय निघाला म्हणून सांगतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२२ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना सात आठवडे दर आठवड्याला दुर्बिणीतून निरोगी माणसांच्या विष्ठेतले जिवाणू दिले आणि सोबत दाह कमी करणारा आहार. नेहमीच्या उपचारापेक्षा या गटाला आठ आठवड्यांनी जास्त गुण आला, आणि वर्षभर तो टिकवायला आहाराचा उपयोग झाला. ते जिवाणू देणारे दाते ग्रामीण भागातले होते. वाचून मला फार आनंद झाला. आमच्या माणसांच्या पोटातलं काही दुसऱ्याच्या दुखण्यावर उपयोगी पडत असेल तर कोणाला नको? पण त्याच गावातल्या आजारी माणसाला हा उपचार कधी मिळणार, हा प्रश्नही मी विचारणारच. (वाचकांना एक कळकळीची विनंती. हे घरी करून पाहण्याचं काम नाही. २०१९ साली अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेला आणि एक रुग्ण दगावला. दात्याची कडक तपासणी झाल्याशिवाय याला हात लावू नये.)

तिसरी तक्रार आरोग्य यंत्रणेकडे आहे आणि तीच सगळ्यात जड आहे. मेसालामाइन हे कोलायटिसचं रोजचं औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात मागितलं की उत्तर येतं, मागणी नाही म्हणून मागवत नाही. निदान नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून औषध नाही. जन आरोग्य योजनेचा आधार भरती झाल्यावर मिळतो. हा आजार मात्र वर्षानुवर्षं घरीच गोळ्या खाण्याचा आहे आणि भावाला महिन्याला दोन हजारांच्या आसपास खर्च येतो. कापसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, गोळी रोज लागते. ज्यांना परवडत नाही ते काय करतात ते मी काउंटरवरून पाहतो. महागडी गोळी सोडतात आणि जुन्या चिठ्ठीवरचं स्टिरॉइड मागतात, कारण ते काही रुपयांत मिळतं आणि चार दिवसांत आराम पडतो. मी देत नाही, तर दुसरीकडून आणतात. तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. कंबर दुखते म्हणून डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या खातात, त्यानंही काहींचा आजार उलटतो. हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

क्रोन्सच्या रुग्णांची गत आणखी वेगळी. लहान आतड्याच्या शेवटी होणारा क्षयरोग आणि क्रोन्स दुर्बिणीतूनही इतके सारखे दिसू शकतात की अनुभवी डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. आपल्याकडे क्षयरोग खूप, म्हणून आधी त्याची औषधं सुरू करतात आणि ते समजण्यासारखं आहे. पण ती सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत आतड्याचे व्रण भरताहेत का, हे पुन्हा दुर्बिणीतून पाहायचं असतं. ते पाहायला इथून कोण जातं? सहा महिन्यांचा कोर्स संपतो, पोट तसंच दुखत राहतं, आणि माणूस समजतो आपलं नशीबच फुटकं.

प्रतिजैविकांबद्दल थोडंच लिहितो. पोरगं दोनदा पातळ संडासला गेलं की प्रतिजैविक, सर्दी झाली की प्रतिजैविक, हे गावोगाव चालू आहे. लहानपणी वारंवार प्रतिजैविकं घेतलेल्यांत पुढं या आजारांचं प्रमाण जास्त आढळतं, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकं एच-१ अनुसूचीत आहेत, विक्रीची नोंद ठेवणं बंधनकारक आहे. ती नोंदवही तपासायला यंत्रणेनं यावं. माझ्या दुकानापासून सुरुवात केली तरी चालेल.

आमच्या मागण्या अशा आहेत.

संशोधकांनी रुग्णांचा गट शहरातूनच घेण्याचा निर्णय मागे घ्यावा आणि याच गावांतले रुग्ण, शक्य तिथं त्यांच्या घरातल्या निरोगी माणसांसह, अभ्यासात घ्यावेत. एकदाच नमुना घेऊन थांबू नये. पेरणी, वेचणी आणि उन्हाळा अशा वेगवेगळ्या हंगामांत पुन्हा घ्यावा, कारण इथलं खाणं आणि पाणी हंगामाप्रमाणं बदलतं. फॉर्मवर रेघ मारलेल्या प्रत्येक माणसाला लेखी चिठ्ठी देऊन तपासणीसाठी पाठवावं. आणि आतापर्यंत जे कळलं ते मराठीत, ग्रामसभेत येऊन सांगावं.

आरोग्य यंत्रणेनं जिल्हा रुग्णालयात विष्ठेतल्या कॅलप्रोटेक्टिनची तपासणी मोफत सुरू करावी. आतड्यात दाह असला की हे प्रथिन विष्ठेत वाढतं. जंतुसंसर्गात आणि क्षयरोगातही ते वाढतं, म्हणून त्यावरून आजाराचं नाव ठरत नाही. पण दुर्बीण कोणाला खरोखर लागेल हे त्यातून बरंच कळतं आणि उगाच नागपूरची फेरी टळते. त्यासाठी तसलीच एक डबी लागते, जशा संशोधकांच्या पेट्यांतून शेकड्यांनी गेल्या. महिन्यातला एक ठरलेला दिवस कोलोनोस्कोपीसाठी जिल्ह्यात ठेवावा, आणि पोट साफ करण्याचं औषध घेतलेल्या रुग्णाला आदल्या रात्री तिथंच राहू द्यावं. मेसालामाइन, सल्फासालाझिन आणि अॅझाथायोप्रिन ही या आजारांची औषधं उपजिल्हा रुग्णालयापर्यंत पोचवावीत. अॅझाथायोप्रिन चालू असलेल्याची रक्ततपासणीही तिथंच व्हावी. पोटाच्या क्षयरोगाची औषधं चालू असलेल्या प्रत्येकाची फेरतपासणी ठरवून करावी. ज्यांच्या कोलायटिसला आठ वर्षं झाली त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्यांची यादी करून त्यांना बोलावून घ्यावं. आशाताईंना दोनच प्रश्न शिकवावेत: रक्त पडून महिना झाला का, रात्री झोपेतून उठावं लागतं का? आणि रुग्णाची नोंद त्याच्या मूळ गावाच्या नावानं करावी, नातेवाइकाच्या पत्त्यावर नको.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवी इमारत किंवा नवं खातं लागत नाही.

उत्तर ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर लेखी पाठवा. पुढच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवलं जाईल. त्याआधी तुमच्यापैकी कोणी येणार असेल तर आसपासच्या गावांतल्या रुग्णांना मी निरोप देतो. भाऊ आणि आणखी काही जण समोर बसून बोलायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच आहे की बैठक जिथं ठेवाल तिथं पाणी असलेला, चालू संडास असावा.

आपला,
एक गावातला फार्मासिस्ट, रुग्णाचा भाऊ
जिल्हा यवतमाळ